मेणबत्त्यांचा परवाना

'जागेच्या मालकाचे नाव' या रकान्यापाशी अर्जनवीसाचं पेन थांबलं. समोर वहिनी बसल्या होत्या, मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यात त्या कागद ठेवायच्या.

"काही अडलं का, भाऊजी?"

"अडतंय कुठं. जरा विचार करतोय."

विचार खरंच चालला होता. कचेरीबाहेर टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा हा माणूस. त्याच्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत आला, असं कधी झालं नव्हतं आणि हे तो दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी मागच्या खोलीत राहत होत्या. ती खोली भावाने स्वतः विटा वाहून बांधलेली, पण घर अजून वडिलांच्याच नावावर. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी चार नातेवाइकांदेखत विचारलं होतं, "भाऊजी, मागची खोली माझ्या नावाने कधी करताय?"

"दादाने हक्क केव्हाच सोडलाय. तोंडी. तुमच्याकडे लेखी काही असेल तर दाखवा."

"ज्या भावाने तुम्हाला टेबल घेऊन दिलं, त्याच टेबलावरून त्याच्या बायकोला लेखी मागता?"

त्या चौघांतल्या मामांना कमी ऐकू यायचं. त्यांनी "काय म्हणाली?" असं विचारलं आणि कुणीतरी ते वाक्य त्यांच्या कानात मोठ्याने पुन्हा सांगितलं. एकाच पाणउताऱ्याची दोनदा वाढ झाली. तेव्हापासून जेवताना दाताखाली खडा यावा तसं ते वाक्य त्याला रोज लागायचं. या बाईला घराबाहेर काढल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

आणि आता त्याच वहिनी आपल्या पायांनी आल्या होत्या. घरबसल्या मेणबत्त्या करायच्या म्हणत होत्या, पण रीतसर, परवाना काढून. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, भाऊजी."

त्याला मात्र सगळं कळत होतं. उघडा जाळ आणि मेण, तेही भर वस्तीत. परवान्याच्या अटी मोडल्याची एक तक्रार गेली की खोलीला सील. वहिनी जातील बहिणीकडे. मग मधली भिंत पाडायची आणि पक्षकारांसाठी बाकं टाकायची. गवंड्याशी बोलणंही झालं होतं. फक्त सील आणि दंड दोन्ही मालकाच्या गळ्यात पडतात, म्हणून या रकान्यात आपलं नाव नको.

त्याने सुबक अक्षरात वहिनींचं नाव लिहिलं.

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"झालं गेलं सोडा हो. तुमचा धंदा, तुमची जागा."

वहिनींनी डोळे पुसले. त्याला हसू दाबावं लागलं.

पुढचा महिनाभर त्याने काही म्हणून कमी केलं नाही. आठवड्याला किती मेणबत्त्या, विकायच्या कुठे, खिडकी केवढी, वाळूची बादली कुठल्या कोपऱ्यात, सगळं कागदावर मांडून दिलं. शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या. स्वतःचं ना-हरकत पत्र दोन साक्षीदारांसमोर लिहिलं. वहिनी प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली प्रत मागायच्या आणि डब्यात टाकायच्या. "माझ्याकडून हरवतं हो, म्हणून दोन दोन घेते."

एकदा त्यांनी विचारलं, "वात मेण ओतल्यावर घालायची की आधी?" तो घरी जाऊन बायकोला म्हणाला, "हिच्या हातून धंदा व्हायचा नाही. पण आपलं काम होईल."

परवाना आला. वहिनींनी तो भिंतीवर लावला. खाली एक भरलेलं पोतं येऊन पडलं, तोंड शिवलेलं. दोन आठवडे झाले तरी शिवण तशीच. अर्जनवीसाने खिडकीतून दोनदा डोकावून पाहिलं. घाबरत असेल, त्याला वाटलं. असू दे. पोतं दिसलं तरी पुरे.

निनावी तक्रार केराच्या टोपलीत जाते, हे तो गिऱ्हाइकांना स्वतःच सांगायचा. म्हणून त्याने आपल्या नावाने प्रतिज्ञापत्र केलं. उघड्या जाळावर रोज मेण वितळवलं जातं, वस्तीला आगीचा धोका आहे, वगैरे. आपल्यावर काही शेकू नये म्हणून शेवटी एक वाक्य घातलं. ते लिहिल्यावर त्याने कागद लांब धरून पुन्हा वाचला. झकास जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक आला. अर्जनवीस साळसूदपणे मागे गेला, तर खोलीत मामा खुर्चीवर बसलेले. सोबत तेच तिघे नातेवाईक.

"हे कसे इथे?"

"तक्रारीची नोटीस आली ना परवा," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, आपली माणसं असावीत जवळ."

निरीक्षकाने तक्रार मोठ्याने वाचली. चूल पाहिली. चुलीवर दूध होतं. मग पोत्याची शिवण उसवली. आत जुनी वर्तमानपत्रं निघाली, वरपासून तळापर्यंत.

"बाई, मेण कुठंय?"

"आणलंच नाही. मला कुठे येतात मेणबत्त्या करायला?" वहिनी म्हणाल्या. "साहेब, ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचता का? जरा मोठ्याने. मामांना कमी ऐकू येतं."

निरीक्षकाने वाचलं, "'सदर खोली माझ्या वहिनींच्याच मालकीची व ताब्यातील असून तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही, असे मी शपथेवर लिहून देतो.'"

वहिनींनी डबा उघडला आणि एक भरून ठेवलेला कागद अर्जनवीसापुढे धरला.

"या प्रतिज्ञापत्राची नक्कल मिळावी म्हणून अर्ज केलाय. जरा नजर टाका, भाऊजी. काही त्रुटी राहिली नाही ना?"