गव्हावर खापर

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या द्रौपदाबाईंना धुळ्याच्या दवाखान्यात आज पहिल्यांदाच उशीला टेकवून बसवलं होतं. बायको वाचली याचं रुपचंदनानांना फारसं काही नव्हतं. आपलं म्हणणं पेपरात छापून आलं, याचाच त्यांना जोर चढला होता. परदेशातल्या पाहणीत म्हणे गहू न खाणाऱ्यांची हृदयं ठणठणीत निघाली. ती बातमी त्यांनी शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशी वाचून दाखवली.

"एवढ्यावरून गव्हाला दोष देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "ती माणसं गव्हाऐवजी काय खातात, किती राबतात, तेही बघावं लागतं."

"काही बघायचं नाही," नाना उखडले. "घरात दोन्ही वेळा गव्हाच्या पोळ्या. मी पचवतो, हिला नाही झेपल्या. जिभेला लगाम नको माणसाच्या? उद्यापासून हिला नुसती भाकरी."

द्रौपदाबाईंनी पदर सावरला. नवऱ्याकडे न बघता त्या डॉक्टरांना म्हणाल्या,



"सासूनी, यासनी मायनी, लगीनना दुसराच दिनले सांगं, गहू माणसेसले, बाईले भाकर. आजपावत मी पोयी लाटेल शे साहेब, चाखेल नही."