फुटका ठोकळा

"तो फुटका ठोकळा पीएचडीच्या व्हायव्हाला आणू नकोस," मार्गदर्शक सरांनी तिला दम भरला होता. आईचं म्हणणं, नंदीबैलासारखी मान डोलव आणि एकदाची डॉक्टर हो. परीक्षकांनी विचारलं, "सरांचं सूत्र सगळ्या नमुन्यांना लागू पडलं?" तिने पिशवीतून काँक्रीटचा ठोकळा काढून टेबलावर आदळला. भेगेतून खडी सांडली. "या सूत्राप्रमाणे हा फुटायलाच नको होता. निम्म्या भारात फुटला." "म्हणजे सर चुकले?" "ठोकळा तर चुकत नाही." सरांचा चेहरा पांढराफटक पडला. निकालासाठी तिला बाहेर पाठवलं. "मान डोलवलीस ना?" बाहेर थांबलेल्या आईने विचारलं. "नाही. पुन्हा विचारलं तरी डोलवणार नाही." आईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात ठोकळा छातीशी धरून सर बाहेर आले. "अभिनंदन, डॉक्टर," ते पुटपुटले. "हा माझ्या टेबलावर ठेवू का?" "ठेवा," ती म्हणाली, "भेग तुमच्याकडे करून."