न विचारलेला प्रश्न

वाचनालयामागे ग्रंथपाल नाडगौडा काका पुस्तकं जाळत होते. मी कुंपणाच्या भिंतीवरून फोटो काढला आणि ‘पुस्तकांचा मारेकरी’ हा ब्लॉग लिहून टाकला. पत्रकारितेच्या वर्गात मी नेहमी ठासून सांगायचे, “ब्लॉगला संपादक नसतो, म्हणून तर तो खरं बोलतो!”

दोन दिवसांत अकरा हजार लोकांनी तो वाचला. वाचनालयाच्या दाराला कुणीतरी काळं फासलं. आठवड्याभरात काकांनी राजीनामा दिल्याचं कानावर आलं.

मग वाचनालयाच्या कार्यवाह बाईंचा फोन आला. “अगं, त्या पुस्तकांना वाळवी लागली होती. बाकीची वाचवायची म्हणून आम्हीच ठराव करून ती जाळायला सांगितली. काका तर आदल्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत. तू त्यांना एकदा विचारलं होतंस का?”

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लॉगवर खुलासा लिहिला, माफी मागितली. संध्याकाळपर्यंत तो जेमतेम चाळीस जणांनी वाचला होता. त्याची छापील प्रत घेऊन मी काकांच्या घरी गेले.

त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. मी मान खाली घालून उभी होते. खिशातलं पेन काढून त्यांनी एका शब्दाखाली रेघ ओढली आणि कागद माझ्या हातात दिला.

“तीस वर्षं नोकरी केली असं लिहिलंयस. सव्वीस झाली,” ते म्हणाले. “आजही विचारलं नाहीसच, पोरी.”