टॉवर उजवीकडे

ऑनलाइन उपचारांची परीक्षा होती. फिजिओथेरपी शिकणाऱ्या प्रज्ञाच्या शेजारी परीक्षक सर बसले होते आणि स्क्रीनवर होते रामाकोन्याचे चिंधूकाका, संत्र्याच्या बगीच्यात, खाटेवर. उजव्या हाताचं हाड जुळून दोन महिने झाले होते, पण भीतीनं काका तो हात खांद्याच्या वर नेतच नव्हते.

"नाई जात मॅडम. उगाच तरास नका देऊ."

"काका, तुमचा आवाज तुटून राहिला. फोन जरा वर धरा."

काकांनी डाव्या हातानं फोन उचलला.

"उजव्या हातानं, काका. टॉवर उजवीकडे हाय."

काकांनी हात बदलला. स्क्रीनवर वरून त्यांची टोपी दिसू लागली.

"आता आला का आवाज?"

"थोडासाच. अजून वर."

मग अख्खी खाट दिसली. मग खाटेपलीकडे झोपलेलं कुत्रंही दिसलं.

"आता?"

"आता मस्त. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा असंच नेटवर्क पाहात जा, काका."

कॉल बंद झाल्यावर सरांनी चष्मा काढला. "आवाज तर पहिल्यापासून स्वच्छ येत होता."

"हो सर," प्रज्ञा म्हणाली. "हात वर जात नव्हता."