जसंच्या तसं

बांधकाममंत्र्यांच्या दालनाबाहेर लघुलेखिका मसुदा छातीशी धरून उभी होती. मंत्री सकाळी सभागृहात जे बोलले, ते चार पानांत टंकलेलं होतं. पाचच्या आत त्यांनी ते वाचून सही करायची, की मग ते छापायला जाणार. सही झाल्यावर त्यातला एक शब्द जरी वगळायचा म्हटला, तरी मंत्र्यांना भर सभागृहात उभं राहून तो शब्द वाचून दाखवावा लागे आणि अध्यक्षांची परवानगी मागावी लागे. नियमच तसा होता.

वीस वर्षांच्या नोकरीतली सात वर्षं तिनं या मंत्र्यांच्या जिभेमागं केरसुणी घेऊन फिरण्यात घालवली होती. ते ‘गाढवाच्या लेका’ म्हणत, ती ‘सन्माननीय सदस्य’ लिही. ते आईबहिणीवर येत, ती ‘मी सहमत नाही’ लिही. छापील कामकाजात मंत्री इतके सभ्य दिसत की त्यांच्या बायकोनंही ओळखलं नसतं.

आज विरोधकांनी कोसळलेल्या पुलाचा विषय काढला आणि एकच गदारोळ झाला. बाकं बडवली जात होती, अध्यक्ष ओरडून ओरडून थकले होते. त्या गोंधळात मंत्री जे बोलले ते पत्रकारांच्या सज्ज्यापर्यंत पोचलं नाही, अध्यक्षांच्याही कानांवर पडलं नाही. मंत्र्यांच्या पुढ्यातच टेबल मांडून बसलेल्या तिला मात्र लख्ख ऐकू आलं.

“सात मजूर मेले तर एवढं काय आभाळ कोसळलं? उद्या सकाळी चौदा येऊन उभे राहतील.”

त्या सातांत तिचा धाकटा भाऊ होता. पुलाच्या सळया जोडणारा वेल्डर.

ती खाली येऊन टंकायला बसली आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं सारवासारव केली नाही. तिला सूड हवा होता. आणि तो कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असा नियमात बसणारा हवा होता.

“या बाई, या,” आतून मंत्री म्हणाले.

तिनं मसुदा पुढं ठेवला. “एकदा वाचून घ्या, साहेब. वाचून सही करायचा नियम आहे.”

“आज नियम आठवला होय?” मंत्री हसले. पण त्यांनी खरंच चष्मा लावला. सात वर्षांत हा माणूस कधी एक ओळ वाचायला बसला नव्हता.

पहिलं पान खात्यानं लिहून दिलेल्या आकड्यांचं होतं. मंत्र्यांनी ते ओठ हलवत, चवीनं वाचलं. “वा! बरं बोललो की मी.”

“बोललात तसंच लिहिलंय.”

त्यांनी पान उलटायला बोट जिभेला लावलं. तेवढ्यात त्यांची नजर घड्याळाकडे गेली.

“जाऊ दे. तुम्ही लिहिलंय म्हणजे त्यात बघायचं काय?” त्यांनी सगळी पानं एकदम उलटली आणि शेवटच्या पानावर झोकात सही ठोकली.

तिनं तारीख, वेळ घातली, शिक्का मारला आणि मसुदा फाइलमध्ये ठेवून नाडी आवळली. गाठ पक्की बसली.

“मध्ये पंधरा दिवस दिसला नाहीत?” मंत्र्यांनी चष्मा पुसत विचारलं.

“भाऊ गेला माझा.”

“अरेरे!” मंत्र्यांनी चेहरा पाडला. सवयीनं ते त्यांना छान जमे. “तरणाताठाच असणार. कशानं गेला हो?”

“दुसऱ्या पानावर आहे, साहेब,” ती फाइल काखेत घेत म्हणाली. “तुमच्याच शब्दांत.”