पाऊण तास मागे

"ह्या डब्याला वेळ कोण सांगतं रे, बाळा?" चादरींच्या घड्या घालता घालता रुम्यानामावशीने विचारलं.

लुबेन फरशीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, आणि त्याची वायर भिंतीवरच्या त्या डब्यात, नेटवर्क स्विचमध्ये. बल्गेरियातल्या विदिनच्या इस्पितळात धुलाईची खोली आणि वायरींचं कपाट तळघरात एकाच ठिकाणी होतं.

"दुसऱ्या एका खऱ्या घड्याळाला विचारून घ्यायची असते. विचारायला कुणी नसलं, की हा आपल्याच मनाचं सांगत बसतो."

"आमच्या मेट्रनसारखा!" ती हसली. मग हसू ओसरलं. "वरच्या पेशंटांच्या घंटा ह्यातच ना?"

"घंटांची वेळ हा लिहितो. दारांची दुसरा डबा."

मावशीने चादर खाली ठेवली. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती वर नर्स होती. एका पहाटे खिडकीजवळच्या खाटेवरून पेंचोआजोबांनी घंटा वाजवली. नोंद सांगत होती की ती दार उघडून आत गेली पाऊण तासानंतर. तोवर सगळं आटोपलं होतं. तिची नोकरी राहिली, फक्त तळघर नशिबी आलं. पण माणसाची झोप उडायला नोकरी जावी लागत नाही.

"घंटा ऐकल्याबरोबर धावले, हे मी शपथेवर सांगितलं. पण त्याआधी माझा डोळा लागला होता का, हे माझं मलाच ठाऊक नाही. त्यांच्या परदेशातल्या मुलाला दोनदा पत्र लिहायला बसले. काय लिहिणार? फाडून टाकलं." तिने डोळे पुसले. "तू ह्या डब्यालाच विचार ना. मी झोपले होते का?"

लुबेनने मान वर केली नाही. "बघतो. मावशी, जरा कॉफी मिळेल?"

ती दोन कप घेऊन आली तेव्हा तो उभा होता.

"हे बघा."

स्क्रीनवरची वेळ तिने त्याच्या मनगटावरच्या घड्याळाशी दोनदा ताडून पाहिली. डबा पाऊण तास मागे होता.

"म्हणजे त्यांची घंटा..."

"नोंदीत दिसते त्याच्या पाऊण तास नंतर वाजली. तुम्ही दार उघडलंत तेव्हाच. तुम्ही झोपला नव्हता, मावशी."

तिच्यादेखत त्याने डब्यात नेटवर्कवरच्या खऱ्या घड्याळाचा पत्ता घातला. वेळ जुळली. मावशी बाकावर बसली आणि पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

"वर सांगायचं का?" त्याने हळूच विचारलं.

"नको रे. मला कळलं, पुरे झालं." तिने पिशवीतून एक डबी काढली. त्यात गेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात ते उकडलेले गहू होते, वर साखर पेरलेली. "आज त्यांना वर्ष झालं. पहाटे शिजवले खरे, पण वाटायला तोंड कुठं होतं मला? आता तू खा, त्यांच्या नावानं."

ती तोंड धुवायला गेली.

स्विचला खऱ्या घड्याळाचा पत्ता बसवल्या दिवसापासून होता, आणि त्याची वेळ कधीच चुकली नव्हती. ती कॉफी आणायला गेली तेव्हा लुबेननेच तो पत्ता काढून वेळ मागे ओढली होती.

त्याने चमचाभर गहू तोंडात घातले. मावशीने फाडलेली ती पत्रं परदेशात त्यालाच यायची होती.

"देव तुम्हाला क्षमा करो, बाबा," हे गहू खाताना मृतासाठी म्हणतात तसं तो म्हणाला. "तुम्ही तिला करा."