नाकाचा शेंडा

बाईंनी नाक मुठीत घट्ट धरलं होतं. सिलिकॉनचं, ताजं रंगवलेलं, समोर बसलेल्या शिंप्याच्या मापाचं. आजारपणात ज्यांचे कान-नाक गेले त्यांना नवे करून देणं हा बाईंचा धंदा, आणि बसवण्याआधी ती वस्तू मुठीत गरम करणं ही त्यांची पद्धत. घरच्या माणसाचा पहिला हात गार रबरावर पडू नये, एवढंच त्यामागे. या पद्धतीचं त्यांना स्वतःलाच फार कौतुक होतं.

"बायकोला बोलावू?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," शिंपी रुमालाआडून म्हणाला.

ऑपरेशन झाल्यापासून तो पाठ फिरवून जेवायचा आणि दुकानात मशीनशेजारी झोपायचा. बायकोने विनवलं, रडली, भांडली. पठ्ठ्या घरात झोपायला तयार नाही. आज मात्र त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि बाईंना तेवढं सांगूनही ठेवलं होतं. या नाकाला हात लावताना ती दचकली नाही, तर अंथरूण पुन्हा घरात. दचकली, तर तो विषय कायमचा संपला.

बाईंनी नाक बसवलं, कडा त्याच्या चष्म्याखाली मिसळून दिल्या. काम बेमालूम झालं होतं. त्वचेची छिद्रं, रंग, डाव्या बाजूचा जुना तीळसुद्धा.

बायको आत आली. बघताच तिचे डोळे भरले.

"आधीपेक्षा सरळ केलंत की हो," ती बाईंना म्हणाली.

शिंपी हसला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा. तिथून गालावर. गालावरून नाकावर.

आणि हात झटकन मागे घेतला.

खिशातला रुमाल काढून शिंप्याने घडी उलगडायला घेतली. बाईंनी पुढे वाकून नाकाच्या कडा तपासल्या. एवढा जीव ओतून केलेलं काम, आणि माणूस निघाला परत मशीनशेजारी.

"काय झालं? रंग चुकला का?" त्यांनी विचारलं.

"रंग कसला. गरम आहे हो ते," बायको म्हणाली. "ह्यांचं नाक कधी गरम नव्हतं. थंडीत रात्री माझ्या मानेत खुपसायचे. मी ओरडायचे, सरका तिकडे. रोज ओरडायचे."

एवढं बोलून ती लाजली, आणि परक्यासमोर हे कशाला सांगितलं म्हणून भलतीकडेच बघू लागली.

बाईंची नजर भिंतीवर गेली. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेला एका चेहऱ्याचा फोटो तिथे टांगला होता. कपाळ तांबडं, डोळ्यांचे आतले कोपरे त्याहून लाल, गाल पिवळे, आणि नाकाचा शेंडा निळा, सगळ्या चेहऱ्यात तोच गार. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हा फोटो समजावून सांगत. चेहरा त्यांचाच होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. इतकी वर्षं त्या कोंबडीसारख्या नाकं उबवत बसल्या होत्या.

त्यांनी उठून खिडकी सताड उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"बसा दोघं इथे," त्या म्हणाल्या. "आणि तो रुमाल इकडे द्या."

दोघं खिडकीशी बाकावर बसली. बाई पाठ करून ब्रश धूत राहिल्या. स्वच्छ झालेलेही पुन्हा धुतले. शिंप्याने नाकाला बोट लावून पाहिलं. चांगलंच गारठलं होतं. मग महागाच्या कापडावर पहिली कात्री चालवावी तसं, जपून, त्याने तिच्या मानेत नाक टेकवलं.

ती शहारली.

"सरका तिकडे," ती म्हणाली, आणि स्वतःच थोडी जवळ सरकली.